खेळ, मन आणि शहर: क्रीडा मानसशास्त्रातल्या काही मूलभूत संकल्पना

(भाईंदर पश्चिमेला झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

रविवारी संध्याकाळी घर सोडून व्याख्यानाला येणं सोपं नसतं. त्यात विषय क्रीडा मानसशास्त्राचा असला की पुष्कळांना वाटतं, हे काही आपलं काम नाही, हे ऑलिंपिकवाल्यांचं काम. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आज पदकांबद्दल मी थोडंच बोलणार आहे. तुमच्याबद्दल, तुमच्या मुलांबद्दल आणि या आपल्या मीरा-भाईंदरबद्दल जास्त बोलणार आहे.

क्रीडा मानसशास्त्र म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचं तर हे शास्त्र दोन प्रश्न विचारतं. पहिला, मनाचा खेळावर काय परिणाम होतो? दुसरा, खेळाचा मनावर आणि आरोग्यावर काय परिणाम होतो? या दोन्हींच्या मधोमध एक तिसरा प्रश्न असतो आणि तो नेहमी विसरला जातो. खेळणाऱ्याच्या आजूबाजूला कोण आहे? आई-बाबा, प्रशिक्षक, शेजारी, सोसायटी, महानगरपालिका. या तीन प्रश्नांच्या आधारानं आपण पुढे जाऊ.

धडधड होते म्हणजे काय होतं?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. या स्पर्धेत तीन टप्पे असतात: गुडघा टेकून, पालथं झोपून आणि उभं राहून. पहिल्या टप्प्यानंतर स्वप्नील सहाव्या क्रमांकावर होता. उभ्यानं नेम धरण्याचा शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड, आणि त्यात शेवटी एकेका गोळीनंतर एकेक नेमबाज बाद होतो. तिथून तो तिसऱ्या क्रमांकावर आला, ४५१.४ गुण, कांस्यपदक.

नंतर पत्रकारांनी विचारल्यावर त्यानं काय सांगितलं? पोटात गोळा आला होता, सकाळी काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता. छाती खूप धडधडत होती. मी श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेलो नाही, अशा अर्थाचं तो बोलला.

आता बघा, आपण आपल्या मुलांना काय सांगतो? "घाबरू नकोस." आणि मुलाला वाटतं, माझी छाती धडधडतेय म्हणजे मी घाबरलोय, म्हणजे माझं काही खरं नाही. इथेच पहिली संकल्पना येते, तिला उत्तेजन पातळी म्हणतात. शरीर महत्त्वाच्या प्रसंगासाठी तयार होतं तेव्हा नाडी वाढते, तळहात ओले होतात, पोट आवळतं. हा दोष नाही, ही तयारी आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यातून पुढे एक नियम रूढ झाला: उत्तेजन फार कमी असलं तरी काम नीट होत नाही, फार जास्त असलं तरी होत नाही, मध्ये कुठेतरी प्रत्येकाची एक योग्य जागा असते. आणि काम जितकं नाजूक, तितकी ती जागा खालच्या पातळीवर.

म्हणून कबड्डीतला चढाई करणारा गडी चढाईला जाण्यापूर्वी मांडीवर थाप मारतो, तो स्वतःला वर नेत असतो. नेमबाज, बुद्धिबळपटू किंवा कॅरमवर राणी घेणारा स्वतःला खाली आणतो. खाली आणण्याचं सगळ्यांत हाताशी असलेलं साधन म्हणजे श्वास. सावकाश घ्यायचा, आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. लांब उच्छ्वासानं नाडीचा वेग उतरतो. पाच-सहा श्वास पुरतात. यात गूढ काही नाही, खर्च काही नाही, परीक्षेच्या हॉलमध्येही करता येतं. फक्त सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. सरावात रोज केलेला असला तरच तो ऐन वेळी उपयोगी पडतो.

लक्ष कुठे आहे?

दुसरी संकल्पना लक्षाची. स्टेशनचा पूल आठवा. गाडी लागलीय, तुम्ही जिना धावत उतरताय, रोजच्यासारखे. आता मध्येच विचार करा, कुठला पाय आधी टाकतोय? लगेच अडखळाल. अंगवळणी पडलेली हालचाल मेंदू आपोआप करत असतो. तिच्यावर जाणीवपूर्वक पहारा ठेवायला गेलो की ती बिघडते. मोठ्या सामन्यात चांगला खेळाडू सोपा झेल सोडतो, सोपी पेनल्टी बाहेर मारतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. एरवी जे हात आपोआप करतात, ते तो त्या क्षणी डोक्यानं करायला जातो.

याचा उलट दोषही आहे. लक्ष हातातल्या कामावर नसून निकालावर असतं. "हरलो तर बाबा काय म्हणतील?" चेंडू समोरून येतोय आणि मन घरी पोहोचलंय.

म्हणून उद्दिष्टांचे तीन प्रकार करतात. निकालाचं उद्दिष्ट: मला पहिला यायचंय. कामगिरीचं उद्दिष्ट: मला माझी वेळ दोन सेकंदांनी कमी करायचीय. प्रक्रियेचं उद्दिष्ट: सुरुवातीच्या दहा पावलांत डोकं खाली ठेवायचं. पहिलं तुमच्या हातात नाही, कारण शेजारच्या लेनमध्ये कोण धावतंय ते तुम्ही ठरवत नाही. दुसरं बरंचसं तुमच्या हातात. तिसरं पूर्ण तुमच्या हातात. निकालाचं स्वप्न भिंतीवर लावा, काही हरकत नाही. पण मैदानात उतरताना सोबत प्रक्रिया घेऊन जा.

दडपणाचाही सराव करता येतो. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सचिनला जो बाद करेल त्याला नाणं, सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणं त्याचं. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. रुपयाची किंमत नव्हती, पण थकलेल्या अंगानं, सगळे बाद करायला टपलेले असताना लक्ष टिकवायचं, याची ती तालीम होती. मानसिक कणखरपणा भाषणानं येत नाही. तो अशा छोट्या छोट्या तालमींतून येतो.

"मला जमेल" हे येतं कुठून?

तिसरी संकल्पना. आत्मविश्वास हा शब्द आपण सैलपणे वापरतो. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये त्याहून नेमका विचार मांडला. त्याला मराठीत स्वक्षमतेची जाणीव म्हणू. म्हणजे "मी भारी आहे" असं वाटणं नव्हे. "हे अमुक काम मला जमेल" असं वाटणं. एखादा मुलगा पोहण्यात निर्धास्त असेल आणि गणितात घाबरट असेल. जाणीव त्या-त्या कामापुरती असते.

बांदुरानं तिचे चार स्रोत सांगितले. पहिला आणि सगळ्यांत बळकट, स्वतः करून मिळवलेलं यश. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं. तिसरा, विश्वासातल्या माणसानं "तू करशील" म्हणणं. चौथा, शरीराची लक्षणं आपण कशी वाचतो, जे मघाशी आपण धडधडीच्या बाबतीत पाहिलं.

आपल्याच रेल्वेमार्गावरचं उदाहरण घेऊ. शार्दूल ठाकूर पालघरचा. पालघरहून मुंबईत क्रिकेटला येणं म्हणजे काय ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. किटबॅग घेऊन गर्दीच्या गाडीत चढणं हाच एक खेळ आहे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला शालेय सामन्यात पाहिलं, आपल्या शाळेत आणलं, आणि प्रवासाचा त्रास वाचावा म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही याच लाड सरांच्या हाताखालचा. म्हणजे शार्दूलला तिन्ही स्रोत एकाच ठिकाणी मिळाले: करून पाहायला मैदान, डोळ्यांसमोर पुढे गेलेला त्याच शाळेचा मुलगा, आणि विश्वास ठेवणारा माणूस.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी खेळताना दहाच चेंडू टाकून तो जखमी झाला. दोन वर्षांहून जास्त काळ दुसरी कसोटी नाही. मग जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गॅबा मैदान. भारत ६ बाद १८६. शार्दूल आणि पहिलीच कसोटी खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली, शार्दूलच्या ६७. तो सामना आणि ती मालिका भारतानं जिंकली. त्या दिवशीची हिंमत आकाशातून पडलेली नव्हती. ती आधी साठवलेली होती.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या मुलाला घरी ठेवून घेणारे सर भेटले, त्याची गोष्ट आपल्याला कळते. ज्यांना भेटले नाहीत, त्यांची कळत नाही. म्हणून "जिद्द असली की सगळं होतं" हे वाक्य मी जपून वापरतो. जिद्द लागतेच. पण जिद्दीला मैदान, वेळ, पैसा आणि एक तरी पाठीराखा लागतो.

बघणारे आणि सोबतचे

आता आजूबाजूच्या माणसांकडे येऊ. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या लक्षात आलं की सायकलपटू एकटे असताना जितके वेगात जातात, त्यापेक्षा इतरांसोबत जास्त वेगात जातात. त्यांनी मग मुलांना मासेमारीची रीळ फिरवायला देऊन प्रयोग केला. सोबत दुसरं मूल असताना काही मुलं वेगवान झाली, काही मात्र उलट गोंधळली.

असं का? उत्तर १९६५ मध्ये रॉबर्ट झायोंक यांनी दिलं. कुणी बघत असलं की उत्तेजन वाढतं. जे काम पक्कं येतं ते त्यामुळे आणखी चांगलं होतं, जे अजून शिकतोय ते बिघडतं. पुढे त्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. सरळ वाटेवर इतर झुरळं बघत असताना झुरळ जास्त वेगानं धावलं, वळणावळणाच्या वाटेवर हळू! (हशा)

हसू नका, यात आई-बाबांसाठी धडा आहे. मुलगी नुकती बॅडमिंटन शिकतेय आणि तुम्ही कोर्टाबाहेर उभं राहून "मनगट! मनगट!" ओरडताय. नवीन शिकणाऱ्याला प्रेक्षक जड जातात. शिकण्याच्या काळात थोडं लांब बसा. पक्कं जमायला लागलं की टाळ्या वाजवायला पुढे या. आणि सूचना देण्याचं काम एकाच माणसाचं ठेवा, प्रशिक्षकाचं. घरी येतानाच्या रिक्षात सामन्याची उलटतपासणी नको. "मजा आली का? भूक लागलीय का?" एवढं पुरे.

सोबतच्यांची आणखी एक गंमत. फ्रान्समधल्या मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. आठ जण एकत्र ओढत तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्यानं लावलेल्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर यायचा. काही भाग ताळमेळ नसल्यामुळे, काही भाग "बाकीचे ओढतायत की" यामुळे. आपले गोविंदा याला कसे हरवतात पाहा. दहीहंडीच्या थरात प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचं काम दिसणारं, आणि एकानं ढिलाई केली की कळतं. संघात आळस नको असेल तर भाषणं देऊ नका, प्रत्येकाला नेमकं काम द्या आणि त्याची नोंद घ्या. हे ऑफिसलाही लागू आहे आणि सोसायटीच्या कमिटीलाही!

बक्षीस, गुण आणि आवड

१९७३ मधला एक प्रसिद्ध प्रयोग सांगतो. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली, बक्षीस मिळालं. पण नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या चांगल्या योजना आहेत, खेळणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार व्हायलाच हवा. पण खेळण्याचं एकमेव कारण हेच झालं, तर गुण मिळाले की बूट माळ्यावर जातात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं म्हणणं असं, की माणूस एखादी गोष्ट मनापासून टिकवतो तेव्हा तीन भुका भागत असतात: हे मी निवडलंय, हे मला जमतंय, आणि इथे माझी माणसं आहेत. निवड, जमणं, आपलेपणा. तुमचं मूल खेळ सोडतो म्हणालं तर रागावण्याआधी या तिन्हींपैकी काय आटलंय ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं.

निकालाचा आनंदसुद्धा आपण कशाशी तुलना करतो यावर असतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांच्या चेहऱ्यांचा अभ्यास झाला. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. दुसरा आलेला म्हणतो, थोडक्यात सुवर्ण गेलं. तिसरा म्हणतो, थोडक्यात पदक मिळालं. आपल्याकडे ९४ टक्के मिळवून रडणारी मुलं आहेत, ती त्या दुसऱ्या पायरीवर उभी आहेत. त्यांना तिथे कुणी उभं केलं, याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

समाज म्हणजे अदृश्य संघ

खाशाबा जाधव आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक स्वप्नीलनं मिळवून दिलं, ७२ वर्षांनी.

पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. क्रीडा मानसशास्त्रात याला सामाजिक आधार म्हणतात आणि त्याचे प्रकार सांगतात: भावनिक, माहितीचा, प्रत्यक्ष मदतीचा. प्राचार्यांनी "बेस्ट ऑफ लक" म्हणून पाठवणी केली असती तर तो भावनिक आधार झाला असता. त्यांनी घर गहाण टाकलं. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आपलं राज्य आता क्रीडा दिन म्हणून पाळतं. त्या दिवशी खाशाबांबरोबर त्या प्राचार्यांचीही आठवण काढावी असं मला वाटतं.

आता आपल्या शहराकडे या. २००२ मध्ये मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर होती. एकीकडे खाडी, एकीकडे मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र, आणि मधल्या जागेत इमारतीला इमारत लागलेली. पालिकेचं नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान आहे, जेसल पार्कला खाडीकाठी चालायला जागा आहे. पण मुलांच्या रोजच्या खेळाची खरी जागा म्हणजे घराच्या पाच मिनिटांतली जागा. तिथे काय लिहिलेलं असतं? "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे." गाड्यांच्या काचा फुटतात, आजोबांची झोप मोडते, ही तक्रार खोटी नाही. पण त्या पाटीनं मुलं कुठे जातात? ज्यांच्याकडे पैसे आहेत ती तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर. बाकीची मोबाईलवर.

आणि मुली कुठे जातात? कुठल्याही मोकळ्या मैदानाकडे संध्याकाळी बघा. मधली जागा मुलग्यांच्या क्रिकेटची, मुली कडेकडेनं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला, ३२ वर्षांनी. अशा एकेका नावावर आपण टाळ्या वाजवतो, पण आपल्या इमारतीतल्या मुलीला अंधार पडल्यावर धावायला जागा आहे का, हे विचारत नाही. मैदानावर दिवे हवेत, स्वच्छ स्वच्छतागृह हवं, आणि आठवड्यात काही तास मधली जागा मुलींसाठी राखलेली हवी. हे मानसशास्त्र आहे का? आहे. "मला जमेल" हे वाटायला आधी "मला इथे जागा आहे" हे वाटावं लागतं.

निरोगी जगणं: जिन्यापासून सुरुवात

शेवटचा मुद्दा, ज्यांना कुठलंही पदक मिळवायचं नाही त्यांच्यासाठी. म्हणजे आपण सगळे.

१९५३ मध्ये लंडनला जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दुमजली बसच्या चालकांचा आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघे एकाच बसमध्ये. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढ-उतार करत. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांमध्ये कमी निघालं. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास इथून सुरू झाला.

या भागात पूर्वी आगरी बांधव मिठागरात राबत, कोळी बांधव होडीवर. उत्तनला आजही होड्या जातात. ते कष्ट काही आरोग्य शिबीर नव्हतं, शरीर झिजवणारं काम होतं, त्याचं गोडवेगायन नको. पण हालचाल कामातच होती. आज आपलं काम खुर्चीत, प्रवास गाडीत, करमणूक सोफ्यावर. हालचाल मुद्दाम आणावी लागते.

किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम लागेल असा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं. आणि त्यांनी हेही म्हटलंय, की काहीच न करण्यापेक्षा थोडं करणं चांगलं. नियमित व्यायामानं निराशा आणि चिंता यांची लक्षणं कमी व्हायला मदत होते, झोप सुधारते. म्हणजे मन खेळ घडवतं तसा खेळही मन घडवतो. सुरुवातीचे आपले दोन प्रश्न इथे एकमेकांना भेटतात.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

एक आई: मुलगा नववीत आहे, फुटबॉल खेळतो. पुढच्या वर्षी दहावी. खेळ बंद करावा असं घरचे म्हणतात. काय करू?

ताई, स्पर्धा कमी करा, खेळ बंद करू नका. दूरच्या स्पर्धांचे प्रवास वर्षभर टाळता येतील. पण रोजची तासभर धावपळ काढून घेतलीत तर तो तास अभ्यासाला मिळेलच असं नाही. झोप बिघडते, चिडचिड वाढते. आणि निर्णय त्याला बरोबर घेऊन करा. वेळापत्रक त्यालाच आखायला सांगा. मघाची पहिली भूक आठवा, निवड.

एक तरुण: मी सकाळी ७ च्या लोकलनं चर्चगेटला जातो, रात्री ९ ला घरी येतो. वेळ कुठून आणू?

खरा प्रश्न आहे. "उद्यापासून व्यायाम करीन" हे टिकत नाही, कारण त्यात कधी, कुठे हे नसतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय की "असं झालं की असं करीन" अशी बांधलेली योजना जास्त टिकते. उदाहरणार्थ, "चर्चगेटला उतरलो की ऑफिसपर्यंत झपाझप चालत जाईन." "स्टेशनला सरकता जिना दिसला की शेजारचा साधा जिना घेईन." दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं अशीच निघतात, रविवारी थोडी भर घाला. रोजच्या सवयीच्या खुंटीला नवी सवय टांगायची.

एक आजोबा: वय ७२. गुडघे कुरकुरतात. आमच्यासाठी काय?

काका, आधी डॉक्टरांना दाखवा, मग चाला. तुमच्या वयाला ताकदीबरोबर तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायला सांगतात, कारण पडणं हा मोठा धोका असतो. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. आणि एकटे चालू नका, चौघांत चाला. ज्या दिवशी तुम्हाला कंटाळा येईल, त्या दिवशी बाकीचे तिघं बेल वाजवतील.

एक शिक्षिका: सामन्याआधीची भीती आणि खरा मानसिक त्रास यांत फरक कसा ओळखायचा?

फार महत्त्वाचं विचारलंत. सामन्याची भीती सामन्याबरोबर येते आणि जाते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास आहे, झोप-भूक बदललीय, मित्र टाळतंय, जे आवडायचं त्यात रस उरला नाही, तर ते मनाचं दुखणं असू शकतं. पाय मुरगळला तर आपण "जिद्दीनं खेळ" म्हणत नाही, बर्फ लावतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्ससारखी जिम्नॅस्ट थांबली, आणि तीन वर्षांनी पॅरिसला परत येऊन जिंकली. थांबणं म्हणजे हार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. हा क्रमांक आपल्या शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता आला तर बघा.

वेळ संपली आहे. हॉलबाहेर जिनाही आहे आणि लिफ्टही आहे, ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना काय सुचवायचंय ते कळलंच असेल.